इको डायपर घ्यावा की साधा? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही बाळाच्या पहिल्या पावसाळ्याबद्दल लिहिलं होतं, त्यात डायपरचा विषय जेमतेम एका ओळीत येऊन गेला, पण प्रश्न आले ते बहुतेक त्या एका ओळीवरच. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांना एकच पडलंय, हे बांबूचे, हिरव्या पाकिटातले, मातीत मिसळणारे म्हणवणारे डायपर खरे का आणि त्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्म्या पत्रांत सासूबद्दल काही ना काही आहेच.

प्रश्न: ताई, माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. पुण्याच्या नणंदेनं बांबूच्या डायपरचं मोठं पाकीट पाठवलं होतं, त्यावर हिरवं पान काढलंय आणि शंभर टक्के इको असं लिहिलंय. ते आता संपत आलं. इथं गावात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवले तर एक वीस रुपयांच्या आसपास पडतो आणि साधा दहाच्या. मिस्टर म्हणतात नुसते नावाचे पैसे आहेत. खरंच फरक असतो का? (गुहागर)

उत्तर: फरक असतो गं, पण पाकिटावर जिथं सांगतात तिथं नसतो, दुसरीकडेच असतो. एक काम कर, दोन्हीतला एकेक कोरा डायपर घे, खाली पेपर पसर आणि कात्रीनं मधोमध काप. आधी साधा बघ. बाळाच्या अंगाला लागतो तो मऊ थर म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच्याच धाग्यांचं न विणलेलं कापड. आत जो कापूस वाटतो तो कापूस नसतो, लाकडाचा फुगवलेला लगदा असतो, तो जरा झटकलास की रव्यासारखे पांढरे कण पेपरवर पडतील. ते सोडियम पॉलिअॅक्रिलेट, पेट्रोलियमपासून बनवलेलं, शू धरून ठेवायचं खरं काम तेच करतं. मागची बाजू पॉलिथिलीनची, कडेला इलॅस्टिक आणि सगळं जोडायला गोंद.

आता नणंदेनं पाठवलेला काप. वरचा थर बांबूच्या व्हिस्कोसचा असेल नाहीतर मक्या-उसाच्या साखरेपासून केलेल्या पीएलए नावाच्या प्लास्टिकचा, लगदा क्लोरीनशिवाय पांढरा केलेला, वास मारलेला नाही, लोशन नाही. आणि मधोमध झटकलंस की बहुतेक डायपरांत पुन्हा तेच कण. इलॅस्टिक तेच, गोंदही बऱ्याचदा तसाच. म्हणजे "शंभर टक्के" म्हणतात त्यातले किती टक्के कुठं गेले ते कळलं तुला.

आता मातीत मिसळण्याचं. पीएलए कुजायला अठ्ठावन्न-साठ अंशांची उष्णता, ओल आणि हवा हे सगळं एकत्र आठवड्यानुआठवडे लागतं, ते मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये मिळतं, आपल्या परसातल्या खतखड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात नाही. उसापासून केलेलं पॉलिथिलीन तर आणखी गंमत, उसातून आलं तरी ते शेवटी पॉलिथिलीनच, कुजत नाही. बांबूही बांबू म्हणून राहिलेला नसतो, रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढलेला असतो. आपल्याकडे एखाद्या प्लास्टिकला कंपोस्ट होणारं म्हणायचं असेल तर ते आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसायला लागतं आणि त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर पान काढलंय पण हे कुठंच लिहिलेलं नाही, तर पानाला काही अर्थ नाही. उलट बाजूही सांगते, साधा डायपर कुजायला ५०० वर्षं लागतात असं जे सगळीकडे फिरतं तोही अंदाजच आहे, कारण पहिला मोठा ब्रँड अमेरिकेत बाजारात आला १९६१ साली, ५०० वर्षं कुणी बसून बघितलेलं नाही.

मग वरचे दहा रुपये कशाचे? बाळाच्या कातडीचे, आणि तेही बाळ नाजूक असेल तर. फ्रान्सच्या अॅन्सेस या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये डायपरमधल्या रसायनांवर अहवाल काढला, त्यात सुगंधी द्रव्यं काढून टाका असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेनं २०२१ मध्ये बाजारातले डायपर तपासले तर त्यांत थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती रसायनं, सापडली. म्हणून घाबरून सगळं फेकू नकोस, पण वास येणारा डायपर घ्यायचा नाही एवढं ठरव. बाळाला वास आवडतो म्हणून तो मारलेला नसतो, तो आपल्या नाकासाठी असतो. बिनवासाचा, लोशन नसलेला, डायपरसाठीच्या आयएस १७५०९ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेला साधा डायपर मिळाला तर बाळाच्या अंगाच्या दृष्टीनं तू महागड्या इकोच्या बरीच जवळ पोचलीस. तो घालूनही लाल होत असेल तर मग इको वापरून बघ, मिस्टरांना सांग पुरळाच्या मलमाचे पैसे वाचले.

प्रश्न: आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. वडील म्हणतात परड्यात खड्डा मारून पुरू, आई न्हाणीच्या चुलीत घालायला सांगते, आणि शेजारचे काय करतात ते सकाळी व्हाळात दिसतंच. इको डायपर पुरला तर चालेल ना? तो तर खत होतो म्हणे. (मालवण तालुका)

उत्तर: भाऊ, खऱ्या मुद्द्याला तुम्ही हात घातलात. डायपर कुठला आणला यापेक्षा तो शेवटी गेला कुठं याच्यावर आपल्या किनाऱ्याचं जास्त ठरतं, आणि तिथं इको आणि साधा यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

पुरू नका, इकोसुद्धा नको. आपला जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात वरचं पाणी भराभर खाली झिरपतं आणि तुमची बाव काय परड्यापासून कोसावर नसणार. डायपरमध्ये बाळाची शी असते आणि लहान बाळाच्या शीतही मोठ्यांच्या शीइतकेच रोगजंतू असतात, "बाळाचं काय, दूधच पितंय" असं म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. शिवाय खड्डा हातभर मारला तर रात्री कुत्री नाहीतर रानडुकरं उकरणार आणि सकाळी सगळं पाणंदीत पसरलेलं.

चुलीतही नको. भिजलेला डायपर पेटत नाही, धुमसतो, आणि आत प्लास्टिक असल्यामुळे तो काळा धूर घरभर होतो, त्याच घरात बाळंतीण आणि बाळ. असला कचरा नीट जाळायच्या भट्ट्या असतात त्यांत आठशे अंशांच्या वर तापमान ठेवतात आणि धूर दुसऱ्या कप्प्यात त्याहून जास्त तापवतात. न्हाणीच्या चुलीचा त्यात काय पाड लागणार.

आणि व्हाळ. व्हाळात टाकलेलं पहिल्या मोठ्या पावसात खाडीत जातं, खाडीतून समुद्रात आणि भरतीबरोबर परत किनाऱ्यावर. भरतीच्या रेषेवर चपला, दारूच्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे आणि फुटून पसरलेले डायपर ही रांग तुम्हीही बघितली असेल. त्याच किनाऱ्यांवर, तिकडे वेळास-आंजर्ल्यापासून इकडे वायंगणीपर्यंत, कासवं अंडी घालायला येतात.

मग करायचं काय? आधी शी संडासात झटकायची, डायपर नाही, फक्त शी. डायपर संडासात गेला की टाकीच तुंबली समजा, आत फुगून बसतो. मग तो आत वळवून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी घट्ट बंद करायचा, कागदात गुंडाळायचा आणि झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवायचा, घरातल्या प्लास्टिकमध्ये मिसळायचा नाही, कारण ते प्लास्टिक कुणीतरी हातानं निवडतं. घनकचरा नियम २०१६ मध्येही हेच लिहिलं होतं, वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यायचे, आणि गुंडाळायला पुड्या कंपन्यांनी डायपरबरोबर द्यायच्या. किती कंपन्या देतात ते पाकीट उघडून बघा. काही शहरांत गुंडाळीवर लाल ठिपका काढतात, म्हणजे उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळतं. तेवढं तर आपल्याला फुकट करता येतं.

गाडी येत नाही तिथं आठवड्यातून एकदा साठलेला डबा जवळच्या नगरपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्यावा लागतो, कटकट आहे, मान्य. पण ग्रामसभेत हा विषय काढा की, गटारावर आणि दिव्यांवर तास-तास बोलतो आपण. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेनं कचरा वेगवेगळा करून डंपिंगच्या जागेचं असं काही केलं की लोक ती बघायला येतात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात होऊ शकतं. आणि हो, घरातून निघणारे डायपरच कमी झाले तर डबाही उशिरा भरतो, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

प्रश्न: माका एक सांगा, आमी चार पोरां वाढवली ती काय डायपर घालून? सून म्हणता लंगोट धुवक वेळ नाय. आता ह्या इको की फिको काय ता इलाहा, ता तरी बरा काय? (कुडाळ)

उत्तर: आजी, लंगोटाच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला आता साहेबाचाही शिक्का आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये हिशोब मांडला होता, एक मूल अडीच वर्षं डायपरमध्ये वाढलं तर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण, आणि कापडी लंगोटात वाढलं तर ५७०, म्हणजे जवळपास सारखंच! पण ते त्यांच्याकडचं, गरम पाण्याची मशीन आणि वाळवायलाही मशीन. तेच लंगोट मशीन भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले तर कापडाचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो असं त्यांनीच लिहिलं. २०२३ मध्ये पुन्हा हिशोब केला तेव्हा कापड सरळ २५ टक्क्यांनी पुढं निघालं. तुमच्या अंगणात तर दोरीच आहे आणि लंगोट जुन्या लुगड्याचे, त्याला नवा कापूसही पिकवावा लागला नाही.

पण आजी, एक विचारू? तुमचे लंगोट धुतले कुणी? घरात जावा होत्या, नणंदा होत्या, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई यायची. सुनेला सकाळची एसटी पकडायची असते. तेव्हा सून ऐकत नाही म्हणण्याआधी दिवसाचे लंगोट धुवायचं काम मुलग्याला लावून बघा, तो तुमचाच आहे, तुमचं ऐकेल.

प्रश्न: डायपरमुळे बाळाचे पाय फाकतात का? (महाड, रोहा, आणि आणखी बऱ्याच जणी)

उत्तर: नाही. बाळाचे पाय जन्मतःच थोडे वाकलेले असतात, दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होत जातात. डायपर कुठलाही असो.

प्रश्न: रात्री डायपर फाटला आणि सकाळी मुलीच्या अंगाला सगळे जेलीसारखे गोळे चिकटलेले, मी इतकी घाबरले की दवाखान्यात नेली. ते विषारी असतं का? आणि तिला जांघेत लाल पुरळ पण आहे, सगळे म्हणतात डायपर बंद कर. (अलिबाग)

उत्तर: ते गोळे म्हणजे वर गुहागरच्या मुलीला सांगितलेले तेच कण, शू पिऊन फुगलेले. विषारी नसतात, ओल्या कापडानं पुसून काढायचे, तोंडात जाऊ द्यायचे नाहीत. पुष्कळजणींना याची भीती असते ती जुन्या एका प्रकरणामुळे, १९८० च्या आसपास अमेरिकेत जास्त शोषणारे टॅम्पॉन, म्हणजे पाळीत आत घालायच्या शोषक गुंडाळ्या, वापरणाऱ्या बायका टॉक्सिक शॉक या जंतूंच्या विषानं होणाऱ्या आजारानं आजारी पडल्या होत्या. पण टॅम्पॉन शरीराच्या आत असतो, डायपर बाहेर, तो धोका इथं लावायचा नाही.

या कणांची एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. नुसतं पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पितात पण शूमध्ये मीठ असतं, तिथं गाडी तीसपटीच्या आसपास थांबते. तो फुगलेला गोळा वाटीत घेऊन वर चमचाभर मीठ घाल, डोळ्यांदेखत पाणी सोडेल. त्यामुळे "बारा तास कोरडं" हे जाहिरातीपुरतं, जाहिरातीत निळं पाणी ओततात, शू नाही. रात्रीचं ठीक आहे, दिवसा दोन-तीन तासांनी बदल, शी केली तर लगेच, साधा असो नाहीतर इको. डायपर ओला झाला की पिवळ्याची निळी होणाऱ्या त्याच्यावरच्या पट्टीवरही फार विसंबू नको, आपल्या दमट हवेत उघड्या पाकिटातल्या पट्ट्या कधीकधी आधीच रंग बदलतात. पाकीट उघडलं की उरलेले झाकणाच्या डब्यात ठेव.

पुरळ डायपरनं येतं असं नाही, ओल, शी आणि घासणं तिन्ही मिळून येतं. लंगोट ओला राहिला तरी येतं. कोमट पाणी आणि कापसानं पूस, वाइप्स थोडे दिवस बंद, कोरडं कर, झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लाव, आणि दुपारी पडवीत चटईवर अर्धा तास उघडं ठेव, घरात शू झाली तर होऊ दे. पावडर नको, नाकात जाते. जांघेच्या वळीत लालभडक आणि आजूबाजूला बारीक ठिपके असतील तर ती बुरशी असते, तिला वेगळं औषध लागतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर. मेडिकलवाल्यानं दिलेलं चार औषधं एकत्र असलेलं मलम लावायचं नाही, त्यात बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड असतं आणि डायपरखाली ते अंगात जास्त मुरतं.

प्रश्न: मी कापडी डायपर आणलेत, पॉकेटवाले, सुंदर प्रिंट आहेत. पण जुलैत तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास येतो. सोडून देऊ का? (लांजा)

उत्तर: प्रिंट सोड, कापड सोडू नको. पॉकेट किंवा सगळं एकत्र शिवलेले डायपर कोरड्या हवेच्या गावांसाठी ठीक आहेत, आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं जितके थर तितका वास. आपल्याला लागतं ते एकपदरी कापड. मलमल, जुनं धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, घडी घालून लंगोट करायचा आणि वरून पाणी न झिरपणारं कव्हर, त्याला पीयूएल म्हणतात. कापड उलगडलं की एकच पदर, पडवीत पंख्याखाली रात्रीतून वाळतं. कव्हर प्रत्येक वेळी धुवायचं नाही, शू असेल तर पुसून, पालटून वापरायचं, दोन-तीन पुरतात. पाकिटाबरोबर मायक्रोफायबरचे पॅड आले असतील ते थेट अंगाला लावू नको, कातडी कोरडी पाडतात.

शी आधी काढून टाकायची, गार पाण्यानं एकदा खळबळून मग गरम पाणी आणि साबण. कम्फर्ट वगैरे घालायचं नाही, त्यानं कापड पाणी पित नाही. कुबट वास म्हणजे एकतर साबण नीट निघाला नाही नाहीतर अर्धवट वाळलेलं घडी करून ठेवलं. शेवटची ओल इस्त्रीनं काढ, पण कव्हरवर इस्त्री फिरवू नको, गेलंच ते. चुलीवरच्या माळ्यावरही वाळवतात पण धुराचा वास राहतो. ओव्याची धुरी कपड्यांना दिली तर बरं वाटतं म्हणतात, द्या हवी तर, पण बाळ त्या खोलीत नको. उघडीप पडली की सगळं उन्हात.

आणि मे महिन्यात उलटं होतं, विहिरी तळाला, काही वाड्यांत टँकर. तेव्हा पाण्याचा हंडा लंगोटांवर घालायचा की प्यायला ठेवायचा हा प्रश्न नसतो. मेच्या शेवटच्या पंधरा दिवसांत डायपर जास्त वापरलेस तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

प्रश्न: मी नोकरी करते, बाळ दिवसा पाळणाघरात. इको परवडत नाहीत, साधे वापरताना वाईट वाटतं, कापडाला वेळ नाही. मधला मार्ग सांगा, आकड्यात सांगा. (रत्नागिरी)

उत्तर: वाईट वाटून घेऊ नको, हिशोब कर. दिवसाला सरासरी पाच डायपर धर, दोन वर्षं, झाले ३६५०. दहा रुपयांनी साध्याचे ३६,५०० आणि वीस रुपयांनी इकोचे ७३,०००. बाळाच्या सुरुवातीच्या दिवसांत आठ-दहा लागतात ते वेगळेच.

आता असं कर, रात्री एक आणि पाळणाघरात किंवा बाहेर जाताना एक, एवढेच डिस्पोजेबल. घरी असताना लंगोट, आणि बाळ बसायला लागलं, मान धरली की सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर पायांवर धरायचं, आपल्याकडे कायम धरत आले. दिवसाला दोन म्हणजे दोन वर्षांत १४६०. साधे घेतलेस तर १४,६००. इको घेतलेस तरी २९,२००, म्हणजे पाच साध्यांपेक्षा सात हजारांनी कमी, त्यात वीसेक मलमलचे तुकडे आणि तीन-चार कव्हरं आरामात बसतात. कचरा निम्म्याहून कमी. म्हणजे परवडत नाही म्हणतेस ते पाचच्या हिशोबानं.

इको घेणार असशील तर ते दोन कुठले हे मात्र नीट ठरव. माझं मत विचारशील तर रात्रीचा इको, कारण तोच दहा तास अंगाला असतो, पाळणाघरातला साधा पण बिनवासाचा. पाळणाघरातल्या मावशींना विचार, शीचा लंगोट त्या पिशवीत बांधून ठेवतील का. चेनची एक पाणी न झिरपणारी पिशवी आणि दोन लंगोट जास्तीचे दिलेस तर बहुतेक जणी तयार होतात, काही नाही होत. नसतील तयार तर तिथं दोन डायपर धर, हिशोब तीनवर जातो, साधे घेतलेस तर २१,९००.